भाऊजींचा स्टीलचा पाइप

कंपनीने दिलेली वस्तू कंपनीने सांगितली तशीच वापरणारा माणूस आमच्या भाऊजींच्या लेखी जवळजवळ निरक्षरच. ताईशी लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. पहिल्याच दिवाळसणाला त्यांनी आमच्या टेबलफॅनचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि भिंतीवर ओला पंचा टांगला. "आधी भिंत गार करायची, मग खोली आपोआप गार होते," असं त्यांनी आमच्या वडिलांना समजावलं, आणि नव्या जावयाला नाही कसं म्हणायचं म्हणून वडील ऐन थंडीत चार दिवस त्या भिंतीला पाठ लावून बसले. पाचव्या दिवशी त्यांची पाठ धरली. भाऊजींनी ते फार मनाला लावून घेतलं नाही. प्रयोग यशस्वी झाला, फक्त ऋतू चुकला, असं त्यांचं मत पडलं.

ते सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झटापट करून ते देवळालीला घरी यायचे, पण हाताची खाज काही भागलेली नसायची. मग ती घरातल्या वस्तूंवर निघायची. कपडे वाळत घालायच्या दोरीला त्यांनी कप्प्या बसवल्या होत्या, म्हणजे पाऊस आला की ताईने स्वयंपाकघरातल्या खिडकीतूनच एक हँडल फिरवायचं आणि कपडे आपोआप आत यायचे. पहिल्या चाचणीत ताईची पैठणी शेजारच्या पेरूच्या झाडावर गेली. कुकरच्या शिट्टीचा सूर त्यांनी मुद्दाम खाली आणला, कारण आपली शिट्टी कोणती आणि शेजारची कोणती हे कळलं पाहिजे. ते कळायला लागलं खरं, पण त्या सुराला गल्लीतली कुत्री उत्तर द्यायला लागली. ताई यातलं निम्मं हसून सोडायची आणि उरलेलं निम्मं भाऊजी कामावर गेले की पूर्ववत करून ठेवायची.

या घरात त्यांना मनापासून साथ होती ती एकाच व्यक्तीची, माझ्या भाचीची. मुली भातुकली खेळतात त्या वयात ही बापाशेजारी उकिडवी बसून पाने हातात द्यायची. बे एके बे यायच्या आधी तिला दहाचा पाना आणि बाराचा पाना नुसता पाहून ओळखता यायचा. पुढे ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेली तेव्हा वर्गात मुली दोनच होत्या. आम्ही सगळे काळजीत, भाऊजी मात्र उरलेल्या मुलांचं कसं होणार या विवंचनेत.

दोन हजार सालानंतर कधीतरी भाऊजींनी जुनी डिझेल गाडी घेतली. गाडी टर्बोची होती, आणि टर्बो म्हणजे काय हे त्यांनी मला, म्हणजे ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला, सलग तीन रविवार समजावून सांगितलं. माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो, आणि हवा जास्त म्हणजे ताकद जास्त. ही हवा एअर फिल्टरपासून त्या पंख्यापर्यंत एका काळ्या, वळ्यावळ्यांच्या रबरी नळीतून येते. भाऊजींचं आणि त्या नळीचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

एका रविवारी त्यांनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं, स्वतः बॉनेटखाली डोकं घातलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. मी दाबला. "अजून," ते म्हणाले. मी अजून दाबला. मग त्यांनी मला खाली बोलावून जागा बदलली आणि तेच दृश्य दाखवलं. इंजिन ओरडायला लागलं की ती नळी मधोमध किंचित आत ओढली जात होती, लहान मूल स्ट्रॉने जाड लस्सी ओढताना गाल आत जातात तशी.

"बघितलंस?" भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा एखाद्या दूरच्या नातलगावर होणारा अन्याय प्रत्यक्ष पाहिल्यासारखा झाला होता. "गाडी गुदमरतीये रे. इतकी वर्षं गुदमरतीये."

त्या दिवसापासून गाडीला स्टीलचा पाइप बसवणं हे त्यांचं जीवितकार्य झालं. त्या अडचणीच्या जागेतून पाइप कसा वळवायचा याचं माप घेण्यासाठी त्यांनी आधी पेपरचा लगदा आणि खळ यांचा एक नमुना केला. दिवस गणपतीच्या आधीचे. अंगणात वाळत ठेवलेली ती वाकडी, जाडजूड वस्तू पाहून शेजारच्या काकूंनी ताईला विचारलं की बाकीचा गणपती कुठे आहे, आणि सोंड उजवी घेतली असेल तर सोवळं फार कडक लागतं, हेही बजावलं. नमुना वाळल्यावर भाऊजींनी मला बरोबर घेतलं आणि नमुना मांडीवर ठेवून आम्ही एसटीने विंचूरला गेलो. विंचूरच का, तर तिकडे वाइनच्या कारखान्यांसाठी टाक्या आणि नळ्या बनवणारा एक मिस्त्री होता. स्टीलचा पाइप आतून एकही सुरकुती न पडता वाकवणारा माणूस नाशकात दुसरा नाही, असं भाऊजींनी टूलरूममध्ये ऐकलं होतं.

मिस्त्री निफाडकडचा, बोलायला मोकळा. त्याने नमुना उलटसुलट करून पाहिला आणि यातून वाइन जाणार की दूध, असं विचारलं. भाऊजी म्हणाले, हवा; पण पाइप आतून पॉलिश केलेला पाहिजे.

"नुसती हवा?" मिस्त्रीने पुन्हा नमुन्याकडे पाहिलं. "मंग आतून पॉलिश कशाला लागतंय साहेब? हवेला काय खरचटतंय का?"

भाऊजींनी तिथेच एका स्टुलावर बसून त्याला हवेचा प्रवाह, भिंतीशी होणारं घर्षण आणि वळणावर उठणारे भोवरे समजावून सांगितले. मी त्या तासाभरात गावात एक चक्कर मारून आलो, कांद्याचा लिलाव पाहिला, चहा प्यायलो. परत आलो तर मिस्त्री खडूने फरशीवर भोवरे काढून भाऊजींना दाखवत होता. दोघांची गट्टी जमली होती. पुढच्या आठवड्यात पाइप तयार झाला आणि तो इतका चकचकीत होता की ताईने त्यात पाहून कुंकू नीट केलं.

पाइप बसवल्यावर पहिला फरक आवाजात पडला. कंपनीच्या रबरी नळीत दबून जाणारा टर्बोचा आवाज आता सगळा बाहेर यायला लागला, दूरवर कोणीतरी बारीक शीळ घालत धावत यावं तसा. लष्कराच्या कॅम्पातून जाताना फाटकावरचा जवान दर वेळी आधी आकाशाकडे पाहायचा आणि मग आमच्याकडे. भाऊजी त्याला मान लववून नमस्कार करायचे. दुसरा फरक वासात पडला. गाडीत बसलं की तेलाचा उग्र दर्प यायचा आणि घोटीला पोचेपर्यंत ताईला मळमळायला लागायचं. भाऊजी आठवडाभर म्हणत राहिले की असा काही वासच येत नाहीये. शेवटी भाचीने बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ परत ओढून घ्यायला कंपनीच्या नळीला एक बारीक फाटा होता, आणि बाबांनी तो पाइपला ठेवलेलाच नाही. भाऊजींनी जुनी रबरी नळी शोधून काढली आणि तो फाटा बोटाने चाचपून पाहिला. संध्याकाळी पाइप काढून पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून विंचूरला गेले. मिस्त्रीने फाटा जोडून दिला. परत आल्यावर शेजारीपाजारी सगळ्यांना ते एकच सांगत होते: "माझी चूक आमच्या मुलीने काढली." इतक्या अभिमानाने चूक कबूल करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

तिने आणखी एक चूक काढली होती, पण ती मात्र त्यांनी ऐकली नाही. गार हवा जड असते म्हणून त्यांनी फिल्टर वरून काढून पार खाली, बंपरच्या मागे, चाकाशेजारी नेला होता. भाची म्हणाली, हे फार खाली आहे, पाण्यात गाडी गेली तर? "आपण काय गोदावरीत गाडी घालणार आहोत?" असं म्हणून भाऊजींनी विषय संपवला.

पुढच्या वर्षी भाचीला टाटानगरकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. घर सोडून इतक्या लांब जाण्याची तिची पहिलीच वेळ. ऑगस्टमधली दुपारची रेल्वेगाडी होती, नाशिक रोडहून. तीन दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. ताईला ताप होता, म्हणून तिने दारातच लेकीच्या हातावर दही ठेवलं, आणि भाऊजी, भाची आणि मी दोन बॅगा घेऊन निघालो. तासभर हाताशी होता, म्हणजे नेहमी पुरून उरेल इतका वेळ.

वाटेतल्या नाल्याचं पाणी रस्त्यावर आलेलं होतं. पुढच्या रिक्षा जात होत्या, स्कूटरवाले पाय वर घेऊन जात होते. भाऊजींनी पहिला गिअर टाकला आणि हळूच गाडी पाण्यात घातली. निम्मं पाणी ओलांडलं असेल नसेल, त्या शिळेचा सूर एकदम घोगरा झाला, खालून एक ठोका बसला आणि इंजिन बंद पडलं. पावसाचा आवाज तेवढा उरला. भाऊजींचा हात चावीकडे गेला.

"बाबा, चावी फिरवू नका," मागून भाची म्हणाली.

त्यांनी हात तसाच धरला. ती अगदी शांतपणे म्हणाली, "आत पाणी गेलंय. पाणी हवेसारखं दबत नाही, आता फिरवली तर पिस्टनचे कनेक्टिंग रॉड वाकतील. तुम्हीच शिकवलंय मला."

भाऊजींनी चावी सोडली. मी त्यांना कितीतरी वस्तू मोडताना पाहिलं होतं, पण असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. स्टेशनवरची गाडी चुकली तर नोकरीवर हजर व्हायचा दिवस चुकणार होता आणि तो चुकवणारा पाइप त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेला होता. ते एकदा बॉनेटकडे पाहत होते, एकदा घड्याळाकडे. तेवढ्यात मागून कोथिंबीर आणि झेंडू घेऊन निघालेला एक टेम्पो आला. मी हात केला. टेम्पोवाला म्हणाला स्टेशनावरूनच जाणार हाय, पण माल लय हाय, दोघं मावतील फार तर. मला वाटलं भाऊजी मलाच तिच्याबरोबर पाठवतील, कारण त्या गाडीला परका हात लावू देणारा तो माणूस नव्हता. त्यांनी चावी माझ्या हातात दिली, एक बॅग डोक्यावर घेतली, दुसरी भाचीने घेतली, आणि गुडघाभर पाण्यातून जाऊन ते तिच्यासोबत कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये चढून बसले. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

स्टेशनवरचं मला भाचीने नंतर फोनवर सांगितलं. गाडी मिळाली, अगदी शिट्टी होता होता. बाबा काहीतरी बोलायला बघत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं, म्हणून मग तीच डब्याच्या दारातून सांगत राहिली: आधी इंजेक्टर काढा, मग पाना लावून इंजिन हाताने फिरवा, पाणी सगळं निघेपर्यंत सेल्फ मारू नका, ऑइल बदला. बाबा कॉलेजच्या पोरासारखे मान हलवत होते, केसांत झेंडूची पाकळी. गाडी हलल्यावर ते डब्याबरोबर चालायला लागले आणि एवढंच बोलले, "पोचलीस की फोन कर. इंजिनाचं मी बघतो."

इकडे मला आणि गाडीला एका द्राक्षवाल्याने ट्रॅक्टर लावून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात तिने सांगितलेल्या क्रमाने एकेक गोष्ट केली. भाऊजींनी तो क्रम कागदावर लिहून बॉनेटला चिकटवला होता. इंजिन फिरवलं तसं इंजेक्टरच्या भोकांतून पिचकारी उडाली आणि माझा पांढरा शर्ट कामातून गेला, पण रॉड सरळ निघाले. इंजिन चालू झालं तेव्हा ताई तापातून उठून दारात आली. भाऊजींनी फिल्टर निमूटपणे वर नेऊन बसवला आणि त्यासाठी पाइपचा एक नवा तुकडा करून आणला.

त्यानंतर बरेच महिने भाऊजी दर रविवारी दुपारी मला घ्यायला यायचे. नवा तुकडा तपासायचाय, लांबची चक्कर मारू, म्हणायचे. चक्कर कुठूनही सुरू झाली तरी नाशिक रोड स्टेशनाबाहेर येऊन थांबायची, आणि बरोबर तिच्या गाडीच्या वेळेला. ते उतरायचे नाहीत. इंजिन बंद करून, काच खाली घेऊन बसून राहायचे. आत भोंगा व्हायचा, रुळांवरच्या डब्यांचा खडखडाट हळूहळू दूर जायचा, फलाटावर पोचवायला गेलेली माणसं रिकाम्या हातांनी बाहेर यायची.

मग भाऊजी चावी फिरवायचे, थोडा वेळ कान देऊन ऐकायचे आणि मला विचारायचे, "आवाज बदललाय, नाही?"

मला त्यातलं अजूनही काही कळत नाही. पण मी म्हणायचो, "हो भाऊजी, थोडासा," आणि ते मान हलवून गाडी घराकडे वळवायचे.