टाचणीवरचं नाव

“ती ना? ती टाचण्या सरळ करते आणि लेबलं छापते. गुणी आहे, एक शब्द बोलत नाही.”

काका हे हॉलमधल्या पाहुण्यांना सांगत होते, तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होते. गुंगालिन या उपनगरातल्या घरांत हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये भिंत नसते, फक्त ओटा असतो. मी त्यांना दिसत होते.

पाहुणे आयटीतले, नुकतेच सिडनीहून आलेले. ते हसले. “म्हणजे किडे अमेरिकेचे, पडलेत ऑस्ट्रेलियात, आणि ओळखणार पुणेकर.”

“मग दुसरं कोण ओळखणार?” काका म्हणाले. “सात निघाले. कित्येक वर्षं चुकीच्या नावाखाली पडून होते. मी वेगळे काढले. उद्या चाललेत तिकडच्या तज्ज्ञाकडे.”

“पण कळलं कसं?”

“त्याला नजर असावी लागते.”

“दाण्याचं कूट घातलंस का गं?” काकूंनी मला विचारलं. मी मान डोलावली. घातलं नव्हतं.

ती नजर माझी होती.

हे काका माझे सख्खे नाहीत. बाबांचे कॉलेजमधले मित्र. मी शिकायला आले तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला तेच आले होते, आणि पहिले दोन आठवडे मी याच घरात जेवले. पुढे कीटकांच्या संग्रहात मला कंत्राटी काम मिळालं, तिथे ते वरिष्ठ होते. तिथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, फोटोंच्या कामाला येणारे विद्यार्थीसुद्धा. मी एकटीच काका म्हणते. बॉसशी वाद घालता येतो. काकांशी कसा घालायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

माझं काम साधं. अमेरिकेहून देवाणघेवाणीत आलेल्या भुंगेऱ्यांचे फोटो काढायचे आणि लेबलांवरची माहिती कॉम्प्युटरवर भरायची. या ड्रॉवरमधले भुंगेरे मुंगीसारखे दिसतात, तांदळाच्या कणीएवढे. इतके लहान, की त्यांच्यातून टाचणी घालता येत नाही. कागदाच्या त्रिकोणी टोकाला भुंगेरा चिकटवतात आणि टाचणी त्या कागदात टोचतात. मानेवरून एक शिंग निघून डोक्यावर पुढे आलेलं असतं. जगात त्यांच्याकडे बघणारी माणसं फार थोडी आहेत.

चाळीसेक होते, सगळे एकाच नावाखाली. फोटो मोठा केल्यावर काहींचं शिंग मला अरुंद वाटलं. मग नरांच्या पाठीवरच्या कठीण पंखांची टोकं पाहिली, तीही वेगळी होती. तो अख्खा हिवाळा मी शिफ्ट संपल्यावर मायक्रोस्कोपपाशी बसले, बोटांत ऊब यावी म्हणून चहाचा मग धरून. जुनी वर्णनं काढून वाचली, चित्रं काढली. सात भुंगेरे दुसऱ्याच प्रजातीचे निघाले. दीड पानाचं टिपण करून मी काकांना दिलं. त्यांनी दहा मिनिटं मायक्रोस्कोपमधून बघितलं.

“बरोबर वाटतंय. लेबलं मी लावतो.”

“नो वरीज, काका,” मी म्हटलं होतं. त्या नो वरीजचा मला अजून राग येतो.

सोमवारी सकाळी मी तो ड्रॉवर उघडला. टाचणीवर भुंगेऱ्याच्या खाली एकाखाली एक लेबलं असतात. आधी कुठे सापडला ते. मग कोणी कोणतं नाव ठरवलं ते, ठरवणाऱ्याच्या नावासकट. नंतर कुणाला ते चुकीचं वाटलं, तर त्याने खाली आपलं लावायचं. जुनं लेबल कधीही काढायचं नाही, चूक असलं तरी. हा नियम मला पहिल्याच दिवशी शिकवला तो काकांनी.

त्या सातांखाली फिकट शाईतलं जुनं लेबल होतं, चूक करणाऱ्या माणसाचं. त्याखाली नवं, कोरं करकरीत. बरोबर प्रजाती, यंदाचं साल आणि काकांचं नाव. संग्रहातली बाकीची लेबलं मीच छापते. ही सात त्यांनी स्वतः छापली होती.

म्हणजे चुकलेल्याचं नाव राहणार होतं. दहा मिनिटं बघणाऱ्याचं राहणार होतं. आणि एकदा पेटी गेली, की अमेरिकेतला माणूस त्याच नावाने आभार मानणार, तेच नाव पुढे छापणार.

काका फोमची पेटी घेऊन आले. “हे नीट पॅक कर गं. अडीचला कुरिअर येतोय.” मी हललेच नाही, तेव्हा थोडं खाली वाकून म्हणाले, “काल नीट जेवली नाहीस. काकू विचारत होती.”

ते खरंच काळजीने बोलत होते, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. सकाळी लाइट रेलमध्ये मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवली होती, भरपूर ‘कदाचित’ आणि ‘सॉरी’ घातलेली. त्यातलं एकही आता आठवेना. मी पेटी ओढून आपल्यापुढे घेतली आणि झाकण बाजूला ठेवलं.

“काका, हे सात मी ओळखलेत. तुमचं लेबल काढायचं नसेल तर नका काढू. पण त्याखाली माझ्या नावाचं लागेपर्यंत मी ही पेटी बंद करणार नाही.”