डाव्या कुशीवरची मूठ

डिंगोरे गावच्या साळुबाईला एक गोष्ट तीस वर्षं कळत नव्हती. गाईचं पोट कोणाच्या सांगण्यावरून हलतं?

धार काढून झाली की ती गाईच्या डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ रुतवून उभी राहायची. जरा वेळानं आतून लाट उठायची, मूठ बाहेर ढकलायची नि खाली बसायची. दोन मिनिटांत तीनदा. गाय रवंथ करो नाहीतर डोळे मिटून पेंगो, ते चालूच. पाय हलवायचा तर गाय ठरवते; हे कोण ठरवतं? नवऱ्याला, चांगदेवला, विचारलं तर तो म्हणाला, "देव."

"त्याला आपल्या गोठ्यात बसायला सवड हाय व्हय," साळुबाई म्हणाली.

आळीत कुणाचं जनावर आजारलं की तिला बोलावणं यायचं, "मूठ ठिवून जा जरा." पोट मंदावलेलं तिला आधीच कळायचं.

गेल्या कार्तिकात मात्र तिच्याच चांदणी गाईनं सकाळी तोंडातून लाळेच्या तारा सोडल्या. शेण पाण्यासारखं, पाय थरथरत. साळुबाईनं जनावरांच्या डॉक्टर कल्याणीताईंना फोन लावला.

"अपचन असेल मावशी. पाचक द्या, दुपारी येते मी."

साळुबाईची मूठ कुशीवरच होती. "म्याडम, अपचनात पोट बसतं. हिचं बसतच न्हाई. एक लाट उतरायच्या आत दुसरी चढतीया. मला मोजता येईना."

कल्याणीताई लगेच म्हणाल्या, "डोळ्यातली बाहुली बघा."

"पार बारीक रेघ झालीया."

"अंगाला काय लावलंय तिच्या?"

साळुबाईनं मुलाकडं पाहिलं. भरत रिकाम्या बादलीत काहीतरी शोधत होता.

"गोचिडी लई झाल्या व्हत्या," तो म्हणाला. "टोमॅटोला मारून पंपात औषध उरलेलं. फडक्यानं फिरवलं काल."

"टोमॅटोच्या किडीचं गाईला?" चांगदेव म्हणाला. "तुझ्या डोक्यात बी उवा झाल्यात म्हणं. उरलंय का थोडं?"

"भांडू नका," फोनमधून आवाज आला. "हातमोजे घाला, साबणानं धुऊन काढा तिला. चाटू देऊ नका. निघाले मी."

अर्ध्या तासात गाडी दारात आली. डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, थोड्या वेळानं आणखी एक. लाळ थांबली. थरथर कमी झाली. साळुबाईनं मूठ ठेवली. एक मिनिट, दोन, पाच. आत काहीच नाही.

"म्याडम, तुमी तर बंदच पाडलं."

कल्याणीताई पालथ्या घमेल्यावर बसल्या. "मावशी, मेंदूकडून पोटाला निरोप येतो. नसा तो हातोहात पुढं देतात. पण शेवटची नस पोटाच्या स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये केसाहून बारीक फट असते. नस त्या फटीत रसाचा एक थेंब सोडते. तो पोचला की स्नायू आवळतो."

"नस शिवत बी न्हाई त्याला?"

"नाही."

साळुबाईनं स्वतःची मूठ आवळून पाहिली. मग म्हणाली, "आन सैल कसा व्हतो?"

"फटीत थेंब पुसणारं एक द्रव्य असतं. भरतच्या औषधानं त्या पुसणाऱ्यालाच निकामी केलं. थेंब साचत गेले, आवळणं थांबेना. आता सुईनं स्नायूचे कान झाकलेत. निरोप येतोय, पण ऐकू जात नाही."

"कान कधी उघडायचे?"

"उद्यापर्यंत कळेल. पोट चाललं तर गाय वाचली. नाही चाललं तर अवघड आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच धार काढली. औषध उतरलेलं दूध खड्ड्यात ओतलं. साळुबाईनं मूठ ठेवली. भरत खांबाला टेकून उभा होता. रात्रीपासून तो जेवला नव्हता.

बराच वेळ काही नाही. मग बोटांच्या पेरांना आतून हलकंच काहीतरी लागलं, वाढलं, मूठ वर आली.

"हललं?" भरतनं विचारलं.

"हललं."

"मग काढ की हात."

"दम धर. पुसणारा आलाय का बघू दे."

मूठ तशीच वर राहिली. चांदणीनं कान फडफडवला. मग लाट उतरू लागली, नि तिच्याबरोबर साळुबाईची मूठही हळूहळू आत गेली.

"जा, भाकरी खा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या लाटेची वाट बघू लागली.