निळ्या दाराची मावशी

अंगात येणं, झपाटणं असला विषय निघाला की मी हसत उठून जाणारी. मुळात भुतांपेक्षा मला माणसांची भीती जास्त. तरीही हे लिहायला इतकी वर्षं लागली... भीतीमुळं नाही, लाजेमुळं.

मी तेव्हा आष्टीला बारावीत होते. दुष्काळाचं वर्ष. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, आजी वारलेली, आणि गावातल्या आमच्या घराला चुलत्यानं स्वतःचं कुलूप घातलेलं. मला राहायला जागाच नव्हती. जनावरं चारा छावणीत गेल्यामुळं आष्टीबाहेरची एक दूध सोसायटी बंद पडली होती, तिच्या रिकाम्या खोलीत मी झोपायचे. दाराची कडी मोडलेली, म्हणून ओढणीनं बांधायचे. कॉलेजात कुणी विचारलं की ठोकून द्यायचे — "मावशीकडं राहते. डेअरीच्या मागं, निळ्या दाराचं घर."

मला मावशी नाही. आई एकुलती एक.

एकदा तापामुळं कॉलेजला गेले नाही, खोलीतच पडून राहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात मैत्रीण रेखानं माझ्यापुढं एक पितळी डबा ठेवला.

"तुझी मावशी लई मायाळू हाय गं. काल तुला बघायला गेलते, तर चहा पाजला. तू झोपलीस म्हणाल्या."

ही माझी फिरकी घेतेय असंच वाटलं मला. खोटं पकडलं गेलं या विचारानं कान गरम झाले.

"आन् निरोप हाय. दाराला ओढणी बांधून भागत न्हाई, दुधाचा कॅन लावून झोपत जा म्हणाल्या. असं काहून म्हणाल्या गं?"

ओढणीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डब्यात हुलग्याचे शेंगोळे होते — कालचे, तरी कोमट. पोटात आग पडली होती. मी ते तिथंच खाल्ले.

त्या रात्री कॅनमध्ये दगड भरून दाराला लावला आणि तापाची गोळी घेऊन झोपले. सकाळी पाहिलं, तर ओढणी तुटलेली, आणि कॅन वीतभर आत सरकलेला.

घर तिनंच पाहिलेलं, म्हणून डबा घासून मी रेखाला म्हणाले, "परत द्यायचाय, तू पण चल." गेलो, तर डेअरीमागं नुसत्या वेड्या बाभळी.

"इथंच होतं की," रेखा म्हणत राहिली. मग तिची नजर डेअरीच्या दाराशी पडलेल्या माझ्या ओढणीवर गेली, तिथून माझ्याकडं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

ती एवढंच बोलली, "चल आमच्या घरी. आईला सांगते, मावशी गावाला गेलीय."

परीक्षा होईपर्यंत तिच्याकडं राहिले. तिच्या आईनं मावशीचं नावसुद्धा कधी विचारलं नाही.

रेखाला कोण भेटलं, मला माहीत नाही. तिलाही नाही. चहात आलं होतं, हे मात्र ती आजही शपथेवर सांगते.

आपल्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत. तेव्हा त्यात घालायला माझ्याकडं चिमूटभर साखर नव्हती. त्यामुळं घर सापडलं नाही याचं मला आधी हायसं वाटलं होतं... ती लाज अजून जात नाही.

आता माझं घर आहे, दाराला चांगली कडी आहे. डबा साखरेनं भरून ठेवलाय. द्यायचा कुठं, ते कळत नाही.