स आला का?

वर्खचाचांच्या खोलीत शिरलं की आधी पंखा बंद व्हायचा आणि मग आपलं तोंड. "मास्तर, श्वास नाकानं, आणि त्यो बी भिंतीकडं तोंड करून!" असा मला हुकूम सुटायचा. बिंदू चौकाच्या मागं त्यांची ती एवढीशी खोली. उन्हाळ्यात तिथं घामाच्या धारा लागायच्या, पण पंख्याकडं बघायची कुणाची टाप नव्हती.

त्याला कारणही तसंच. आमच्यासारख्या गाण्याच्या येड्यांच्या जुन्या विलायती स्पीकरांत बारीक आवाजासाठी नेहमीचा घुमटासारखा पडदा नसतो. दोन चुंबकांच्या मधे ॲल्युमिनियमची पट्टी टांगलेली असते, फुंकरीनं फाटेल इतकी पातळ. ती गेली की नवी बसवायचे ते चाचाच. चाचांचे वडील चांदीचा वर्ख कुटायचे. "वर्ख हाताळलेला हात हाय ह्यो," चाचा म्हणायचे, "बोटानं धरायचं न्हाय, कागदावरनं सरकवायचं." आणि खरंच, पट्टी त्यांच्या हातून झोपेतल्या लेकरासारखी सरकायची.

नेसरीच्या एका डॉक्टरांनी पट्टी तपासायला तिला सरळ बॅटरी लावली. पट्टी जळून गेली. चाचांनी भरल्या खोलीत विचारलं, "डॉक्टर, पेशंट बी शॉक दिऊनच तपासतासा काय?" डॉक्टर बिचारे लालेलाल झाले.

पट्टी गेली की स्पीकरला 'स' म्हणता येत नाही, नुसती फसफस होते. असल्या स्पीकरला चाचा बोबडा म्हणत. त्यांच्या जुन्या कॅसेटमधली एक बाई 'सस्नेह नमस्कार' म्हणायची. तिचे तिन्ही 'स' लख्ख वाजल्याशिवाय स्पीकरचा डबा दाराबाहेर जायचा नाही. "बोबडा स्पीकर ह्या घरातनं भाईर पडणार न्हाय," हा त्यांचा कायदा.

पंधरा वर्षं हे सगळं ऐकूनही मी गाढवानं गेल्या दिवाळीच्या साफसफाईत काय करावं? माझ्या स्पीकरची जाळी काढली, धूळ दिसली आणि सवयीनं फूऽ केलं! पट्टी मधोमध तुटली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

डबा घेऊन गेलो, तर चाचांच्या सुनेनं, त्यांच्या हाताखाली काम शिकणाऱ्या रेश्मानं, जिन्यातच अडवलं. "मास्तर, अब्बांना बारीक आवाज ऐकू येईना झालाय. हात बी थरथरतोय. त्यांनी मला बजावलंय, की एक काम बोबडं निघालं तर चिमटा कायमचा खाली ठेवणार. पट्टीचा पत्रा बी शेवटचा हाय, दोनच पट्ट्या निघतील." परत फिरावं म्हटलं, तेवढ्यात वरून हाक आली, "कोण, मास्तर? या की!"

चाचांनी पट्टी कापली, कागदावरून सरकवली. मी भिंतीकडं तोंड करायचं सोडून चिमट्याच्या टोकाकडंच बघत राहिलो. दुसरा स्क्रू आवळताना पट्टीच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर गेली. मला दिसली, त्यांना नाही. कॅसेट लागली. बाई बोबडंच बोलली.

"स आला का, मास्तर?"

चाचा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या चिमट्यात होतं.

"आला की, चाचा! झकास!"

"न्हाई आला, अब्बा," दारातून रेश्मा म्हणाली.

मला तिचा संताप आला. काय अडलं होतं या पोरीचं? चाचांनी भिंग घेतलं, चीर बघितली. मग चिमटा तिच्यापुढं धरला. "बस हितं."

रेश्मा बसली. चाचा तिच्या खांद्यामागं उभे राहिले, आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत आम्हा तिघांपैकी कुणी धड श्वास घेतला असेल तर शपथ. तिनं उरलेली पट्टी सरकवली, स्क्रू आवळले, कॅसेट लावली. तिन्ही 'स' असे खणखणीत आले की माझे डोळे भरले.

"आला, चाचा! या खेपेला खरंच आला!"

चाचांनी मान वर केली. पंधरा वर्षं मला मास्तर म्हणणारा माणूस शांतपणे म्हणाला, "तुमी ऱ्हाऊ द्या, पावणं." आणि सुनेकडं वळून विचारलं, "आला काय गं?"

"आला, अब्बा."

"मग झालं," म्हणून ते खाली बसले.

उन्हाळ्यात चाचा गेले. तोवर मी कितीदा तरी त्यांच्याकडं जाऊन बसलो, चहा प्यायलो, शिव्याही खाल्ल्या. पण 'मास्तर' अशी हाक पुन्हा आली नाही, शेवटपर्यंत मी पावणाच राहिलो.