खोडलेला नऊचा आकडा

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे. फोनवर सेलिनकाकी होत्या. "बाय, तुजे काका गेले." कुठे, असा निरर्थक प्रश्न मी विचारला. "खडकावर," त्या म्हणाल्या. "चर्चात सातच्या मिस्साला येतो बोल्ला व्हता. शर्टाला इस्त्री करून ठेवलीय मी..." त्यांच्या आवाजात रडणे नव्हते. एक ठरलेले काम कोणीतरी अर्धवट टाकून गेल्याचा राग होता. आज पाच आठवड्यांनंतर लिहितानाही मला तो राग स्पष्ट ऐकू येतो, आणि त्याचा काही भाग माझ्या वाट्याचा आहे की काय, याचा निकाल लागल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला वाटत राहिले.

पाचूबंदरचे इनासकाका माझ्या नात्याचे नव्हते. आम्ही वसईत फ्लॅट घेऊन आलेले लोक. आई काकींकडून मासळी घेई, एवढाच संबंध. काकांनी आयुष्य बोटीवर काढले होते. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर ते खाडीच्या मुखाशी खडकांवर गळाची काठी घेऊन उभे राहू लागले. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे मासे ते स्वतः कोरीत, रंगवीत, त्यांना गळ लावीत आणि जिताडा या खाडीतल्या मोठ्या माशाला फसवीत. या खोट्या माशाआधी दोरीला हातभर लांबीचे जाड, पारदर्शक नायलॉन जोडलेले असते. त्याला सगळे लीडर म्हणतात. खोटा मासा लीडरला ज्या गाठीने बांधायचा, ती एकच गाठ जिताड्याच्या आणि माणसाच्या मध्ये उभी असते. मी पॉलिमरच्या अभ्यासात एम.एस्सी. केलेली, पीएच.डी.च्या प्रवेशासाठी एक छोटा, नेटका, स्वतःचा म्हणता येईल असा प्रयोग मला हवा होता. नायलॉन गाठीत कमकुवत का होते आणि कोणती गाठ त्याला सर्वांत कमी दुखावते, हा प्रश्न मला काकांच्या ओट्यावर सापडला.

"म्हंजे आता गाठ मारायला पन कॉलेज काडलंय?" ते हसले होते. त्या दिवसापासून मी त्यांची 'डॉक्टरीनबाय' झाले.

प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात झाला. खिडकीच्या गजाला एक टोक, प्रवासाच्या बॅगा तोलण्याच्या काट्याला दुसरे. गाठ तुटेपर्यंत किंवा सरकेपर्यंत ओढायचे आणि आकडा लिहायचा. लीडर अठरा किलोचा ताण पेलणारा. काकांची गाठ साधी होती: आधी एक सैल गाठ, माशाच्या नाकातल्या कडीतून टोक परत आणून चार वेढे, आणि शेवटी उरणारा लहानसा मोकळा फास. "मासा नाचला पायजे, बाय. गळ्याशी आवळलास तर तो मेल्यासारका येतो." माझी गाठ सहा वेढ्यांची, घट्ट, कडीला चिकटून बसणारी. दहा-दहा वेळा ओढल्यावर माझ्या गाठीची सरासरी सोळा किलो निघाली, त्यांच्या गाठीची चौदा. मी विजयी मुद्रेने वही त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. सरासरीकडे पाहिलेही नाही. बोट सरळ माझ्या रकान्यातल्या एका खोडलेल्या आकड्यावर गेले. "हे नऊ का खोडलं?"

"ती चुकीची बांधली गेली होती, काका. वेढे एकमेकांवर चढले. दुसरी बांधून सोळा आले, ते धरले."

"चुकली म्हून खोडली?" ते शांतपणे म्हणाले. "चुकते तवाच तर मासा जातो. माजी सगळ्यात वंगाळ किती?"

"तेरा."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होते. हाताळणीतली चूक म्हणजे गाठीचा गुणधर्म नव्हे, असे मी ठामपणे सांगितले. ते वाद घालत बसले नाहीत. डोळे मिटून, थुंकीने दोरी ओली करून, त्यांनी स्वतःची गाठ मारून दाखवली आणि दोर माझ्या हाती दिला. "आता तुजी. पन डोळे मिटून. हात ओले करून." माझे वेढे चौथ्यालाच सुटले. काकी आतून ओरडल्या, "तिला छळू नको रं, पोर शिकलेली हाय!"

ऑक्टोबरच्या अखेरीस मला प्रत्यक्ष वापराची नोंद हवी होती. अर्ज जवळ आला होता. मी त्यांना म्हटले, "दोन आठवडे फक्त माझी गाठ बांधा ना." त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू तेव्हा बराच वाढला होता. मला ते माहीत होते, पण प्रयोगाच्या वहीत त्याचा रकाना नव्हता. "तुज्यासाटी बांदतो," ते म्हणाले.

त्या रविवारी त्यांच्यापासून दूर दुसऱ्या खडकावर गळ टाकून उभ्या असलेल्या, त्यांच्याच वस्तीतल्या पेद्रूने जे पाहिले, ते त्याने मला दोनदा सांगितले. काठी वाकली. काका मागे रेलले. मग काठी एकदम सरळ झाली आणि ते खालच्या खडकावर उतरू लागले, भरतीच्या पाण्यात, जिथे एरवी त्यांनी दुसऱ्या कोणालाही उतरू दिले नसते. पेद्रू पोहोचला तेव्हा ते बसलेल्या स्थितीत होते. हृदय बंद पडले, असे डॉक्टरांचे मत. ते मी नाकारत नाही. पण काठी सरळ का झाली, हा प्रश्न डॉक्टरांचा नव्हता. तो माझा होता.

दफनानंतर चौथ्या दिवशी मी काठी मागितली. खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेवर कापलेला लीडर खरबरीत दिसतो. ताणाने तुटलेला, बोथट टोकाचा. हा तसा नव्हता. टोक डुकराच्या शेपटीसारखे वळलेले होते, म्हणजे गाठ सरकली होती. भिंगाखाली मी वळणे मोजली. सहा. पुन्हा मोजली... सहाच.

काकी समोर बसल्या होत्या. "तुजी गाठ व्हती?"

"हो."

बाहेर कोणीतरी सुके बोंबील गोळा करीत होते. मग त्या म्हणाल्या, "माशासाटी तो खाली उतरला नसता. लाकडाचा मासा तरंगताना दिसला असंल त्याला. सोताच्या हातानं कोरलेला." त्यांनी मला माफ केले, असा याचा अर्थ मी लावलेला नाही. त्या पुढे एवढेच म्हणाल्या, "लिवलंस का हे तुज्या वहीत? नसंल, तर लिव."

आणि त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे सरकवला. त्यात अकरा लाकडी मासे होते, प्रत्येकाला लीडर बांधून तयार. काका नेहमी शनिवारी सकाळी, उजेड चांगला असताना, आठवड्याच्या गाठी मारून ठेवीत. आठ मासे मोकळ्या फासाचे, आधीचे. तीन माझ्या गाठीचे. ते आठ मी ओढलेले नाहीत आणि ओढणार नाही; ते डब्यात तसेच आहेत, प्रत्येक फास करंगळीच्या नखाएवढा, एकसारखा.

नऊचा आकडा मी वहीत पुन्हा लिहिला आणि अर्जासोबतच्या तक्त्यात सरासरीच्या आधी सर्वांत कमी आकड्याचा रकाना घातला. प्रवेश मिळेल की नाही, ठाऊक नाही. मग खिडकीच्या गजाला काकांनी मारलेल्या माझ्या तीन गाठी एकामागून एक लावल्या. पहिली पंधरावर तुटली. दुसरी साडेबारावर. तिसरीत वेढे सहाच होते, पण दोन एकमेकांवर चढलेले. ज्याला ते दिसले नाहीत, त्याने ते बोटांनी तीनदा तरी चाचपले असणार. ही गाठ तुटली नाही. आवाज न करता सरकली आणि लीडरचे टोक वळून माझ्या तळहातावर पडले. मी आकडा लिहिला, खाली रेघ ओढली, खोडले काहीच नाही.

६.४ किलो.