समुद्र नसलेल्या गावातलं बंदराचं ऑफिस

काही ऑफिसांत फायली साठतात, काहींत किस्से. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसात फायलींसाठी एक गोदरेजचं कपाट होतं, किश्श्यांसाठी काहीच सोय नव्हती. म्हणून ते आम्ही आपापल्या घरी नेले! आता कुठल्या लग्नात जुनं कुणी भेटलं की पंगत उठते, पण आमचं बोलणं संपत नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. परदेशातून काही मागवलं की ते बोटीनं बंदरावर यायचं. तिथं कस्टमची ड्युटी भरायची, माल सोडवायचा आणि मालगाडीत घालून नागपूरला आणायचा. लोकांसाठी ही सगळी उस्तवार आमचे मालक देवरावजी करायचे. मी कुसुम, त्यांची टायपिस्ट. आणि मुंबईला बंदरावर आमचा एक माणूस. झालं ऑफिस!

देवरावजींचं घर हातमागवाल्यांचं. रेल्वेच्या मालधक्क्यावरची पक्की नोकरी सोडून त्यांनी ही पाटी लावली, तेव्हा त्यांच्या वडिलांनी बोलणंच टाकलं. शेवटी घरात तह झाला. वडील म्हणाले, "दिवाळीवरी पाय. नाही जमलं तं पाटी उतरवजो आन् मागावर बसजो." तेव्हा तो सगळा उन्हाळा-पावसाळा आम्ही दिवाळीकडे डोळे लावून काम केलं.

*

पाटी लावली त्याच दिवशी समोरचा पानवाला रस्ता ओलांडून आला. पाटी वाचली, देवरावजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय गा भाऊ, बोटीवरचा माल सोडवून देता म्हणता. नागपुरात समुद्र कुठी हाय?"

देवरावजी खुर्चीवरून हललेही नाहीत. "समुद्र नाही म्हणूनच तं ऑफिस हाय! समुद्र असता तं लोकायनं सोताच माल उतरून घेतला असता. मले कोणी विचारलं असतं?"

संध्याकाळी पानवाल्यानं तोच जबाब आपल्या गिऱ्हाइकांना स्वतःचा म्हणून ऐकवला. फुकटात आमची जाहिरात झाली.

*

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक महाल भागातले एक छापखानावाले. त्यांनी जर्मनीहून छपाईचं मशीन मागवलं होतं. ड्युटीचा आकडा ऐकला आणि त्यांचा पारा चढला.

"मशीनवर ड्युटी, समजलं. पण बोटीच्या भाड्यावर ड्युटी? विम्यावर ड्युटी? काहून? बोट काय मी घरी आणून राहिलो?"

देवरावजींनी टेबलावरचं संत्रं उचललं. ते रोज डब्यासोबत आणत. "भाऊ, हे काटोलच्या बगिच्यात कितीले भेटते?"

"सस्त्यात भेटते."

"आन् इथं सदरात?"

"त्याच्याहून जास्त."

"संत्रं तेच, भाव काहून वाढला? गाडीभाडं, हमाली, सडलंगळलं, सगळं त्यात आलं. सरकार बगिच्यातला भाव नाही विचारत, आपल्या दारातला भाव विचारते. मशीन, भाडं आन् विमा मिळून जो भाव, त्याच्यावर ड्युटी."

छापखानावाल्यांनी संत्रं हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे जितक्या दुरून आणलं, तितका खर्च जास्त?"

"बराबर."

"मंग मी बायको इथलीच, पाचपावलीतली केली, ते बरंच केलं!"

*

एका शाळेचे हेडमास्तर होते. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेसाठी इंग्लंडहून पृथ्वीचा गोल मागवला होता. लहानसहान नाही, दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढा! बोटीच्या भाड्याचं बिल आलं आणि हेडमास्तर तणतणत जिना चढले.

"देवरावजी, गोल आहे कागदाच्या लगद्याचा. आत नुसती हवा. आणि भाडं लावलं आहे लोखंडाचं!"

देवरावजींनी शांतपणे समजावलं. बोटवाले वजनही बघतात आणि मापही बघतात. हलकी वस्तू असली, पण तिनं बोटीत जागा अडवली, तर भाडं जागेचं पडतं. दोन्हींत जे जास्त, ते.

"अहो, पण हवेचं भाडं?"

"गुरुजी," देवरावजी हात जोडून म्हणाले, "अख्खी दुनिया बोटीत टाकून आणली न तुम्ही. थोडंसं भाडं तं लागनच!"

हेडमास्तरांना हसू आवरेना. पुढे ते प्रत्येक नव्या वर्गाला गोलाबरोबर हेही शिकवत. आमच्या ऑफिसाचं नाव भूगोलाच्या तासाला निघायचं, ह्याचा मला अजून अभिमान वाटतो.

*

नागपूरजवळचं बेसा तेव्हा खेडं होतं, शेतीचं. तिथल्या एक बाई आल्या, लुगडं नीट चापूनचोपून नेसलेल्या. मुलगा अमेरिकेत इंजिनियर. त्यानं आईला शिलाई मशीन पाठवलं होतं आणि कागदावर नव्या मशीनची किंमत लिहिली होती. इतक्यात बंदरावरच्या आमच्या माणसाचा निरोप आला की मशीन वापरलेलं आहे, रंगही उडालेला आहे.

देवरावजींना आनंद झाला. जुन्या वस्तूची किंमत कमी धरतात, म्हणजे ड्युटीही कमी. "मावशी, तुमचं काम सोपं झालं. मशीन जुनं हाय, असं लिहून देऊ. पैसे वाचतील."

बाईंचा चेहरा बदलला. "कोण म्हणते जुनं हाय?"

"आमच्या माणसानं डोळ्यानं पायलं न, मावशी."

"पायलं असन." बाई उठून उभ्या राहिल्या. "माह्या पोरानं मले जुनं पाठवलं, हे मी सरकारले सांगू? लिहा वं बाई, नवीन हाय म्हणून!"

हे शेवटचं मला होतं. मी देवरावजींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, डोळे भरलेले. मग म्हणाले, "लिहा कुसुमबाई. माय म्हणते तं नवीनच असन."

बाईंनी नव्या मशीनची ड्युटी भरली आणि ताठ मानेनं जिना उतरल्या. तशी ताठ मान मी मोठमोठ्या शेठांचीही पाहिली नाही.

*

पितृपक्ष लागला आणि इतवारी बाजारातल्या एका रंगवाल्या शेठजींची पिंपं बंदरावर उतरली. विणकरांना लागणारा सुताचा रंग. शेठजी म्हणाले, "आता पितर बसले आहेत. नवीन माल घरात घेत नसतो. घटस्थापनेले सोडवू."

"शेठजी, बंदरावरच्या जागेचं भाडं रोज चढते. त्याले पितृपक्ष नसते!"

शेठजी ऐकेनात. नुकसान झालं असतं तर बोल आम्हाला लागला असता, आणि दिवाळी आता डोक्यावर आलेली. देवरावजींनी विचार केला, माल सोडवला, नागपूरला आणला आणि थेट आमच्या ऑफिसात ठेवला. "तुमच्या घरात नाही, माह्या घरात आला," म्हणाले. पितृपक्ष संपेपर्यंत मी पिंपांच्या मधोमध बसून टाइप केलं. माझं एक पातळ कायमचं निळं झालं!

घटस्थापनेला शेठजी हळदीकुंकू घेऊन आले. पिंपांची पूजा केली, पेढे वाटले आणि पाकीट काढलं. "देवरावजी, इतके दिवस माल सांभाळला. जागेचं भाडं किती झालं?"

देवरावजी म्हणाले, "शेठजी, पितृपक्षातलं भाडं आम्ही घेत नसतो!"

मी कपाळावर हात मारला. दिवाळीला पाटी उतरायची वेळ आली होती आणि हा माणूस आलेले पैसे परत करत होता! पण त्या आठवड्यात इतवारीत ज्याच्या-त्याच्या तोंडी आमचंच नाव होतं.

*

नुसत्या नावावर ऑफिस चालत नाही. एक मोठं काम नीट पार पडायला हवं होतं आणि तेच अडलं होतं. रामदासपेठेत डॉक्टर नलिनीताई दातांचा दवाखाना काढत होत्या. जागा घेतली, रंग दिला, दारावर नावही लागलं. फक्त परदेशातून मागवलेली दातांची खुर्ची बंदरावर अडकली. कस्टमच्या तपासणीचे साहेब म्हणत होते, खुर्ची म्हणजे फर्निचर. फर्निचरची ड्युटी डॉक्टरी सामानाच्या कितीतरी वर. तेवढी भरायची तर नलिनीताईंना दवाखाना उघडण्याआधीच बंद करावा लागला असता. त्यांच्या पाटीबरोबर आमचीही पाटी उतरली असती.

आम्ही अर्ज पाठवले, चित्रं पाठवली. उत्तर एकच, "खुर्ची आहे." शेवटी देवरावजी म्हणाले, "कागदानं हे होत नाही. मुंबईले खुर्चीपाशीच जाऊ." नलिनीताई निघाल्या आणि त्यांना सोबत म्हणून मी.

बंदरावरच्या गोदामात पेटी उघडली. हमाल गोळा झाले. साहेब चांगले गृहस्थ होते, पण नियमाला पक्के. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली, हात ठेवायच्या जागा चाचपल्या आणि सरळ जाऊन बसले.

"हे पाहा. पाठ आहे, हात आहेत, बसता येतं. ही खुर्चीच आहे!"

नलिनीताईंचा चेहरा उतरला. देवरावजी मात्र खाली वाकले आणि खुर्चीचा पायाचा दांडा दाबू लागले. खुर्ची हळूहळू वर चढली. मग पाठ मागे झुकली, डोक्याखाली उशी आली आणि साहेब आडवे झाले. नलिनीताई सवयीनं पुढं झाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर वाकल्या.

आणि साहेबांनी तोंड उघडलं!

देवरावजींनी हात जोडले. "साहेब, आमच्या घरी पाहुणा खुर्चीवर बसला का चहा मागते. आ करून पडून नाही राहत!"

साहेब काहीतरी बोलायला गेले, पण नलिनीताईंनी त्यांची हनुवटी धरली होती.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "ही मागची दाढ कधीपासून दुखते आहे?"