बोटाला दाखव

"कागद काय म्हणतो?" शेडमध्ये पाऊल टाकलं की चाचांचा पहिला प्रश्न हाच. बाकी बोलणं नंतर.

मग ते भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सरलेल्या महिन्याच्या पानाची बोटभर पट्टी फाडायचे. ती लाकूड आणि यंत्राच्या पात्याच्या मध्ये सरकवायचे. पातं केसाकेसाने खाली आणायचं आणि पट्टी मागेपुढे ओढत राहायची. पट्टी अडली की पातं लाकडाला टेकलं. तिथे शून्य धरायचं आणि मगच कोरायला लागायचं. "कागद अडला पायजे, फाटला नाय पायजे," असं वर बजावायचे. मला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय.

सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही. रसायनीच्या एका कारखान्यात आयुष्यभर लेथ चालवून ते निवृत्त झाले होते. कुंभिवलीत हायवेलगत माझी शेड आणि तिच्यामागेच त्यांचं घर. शेडमध्ये माझं संगणकावर चालणारं कोरकामाचं यंत्र होतं. चित्र संगणकावर काढायचं आणि यंत्र ते लाकडात कोरणार. नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या पट्ट्या, किल्ल्यांना लावायचे चिमुकले हत्ती, असली कामं. एक दिवस आवाज ऐकून ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पातं रडतंय गं तुझं." तेव्हापासून रोज यायला लागले. संगणकाला मात्र कधी हात लावला नाही. "ते तुझं तू बग. मला फकस्त टोक दाखव."

आता माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी तापट. नाकावर राग, आणि हाताला घाई. असल्या बाईला असा माणूस भेटावा, हे माझं नशीबच.

त्या वर्षी काचबिंदूने माझ्या बाबांची उरलीसुरली नजर गेली. बाबा गणिताचे मास्तर. दहिवलीला आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी त्यांचा बुद्धिबळाचा डाव असायचा. नजर गेली तसा त्यांनी पट माळ्यावर टाकायला सांगितला. खेळायला येणारे दोनचार दिवस येऊन नुसते बसले, मग तेही यायचे थांबले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवा म्हटलं तर जेवायचे, उठा म्हटलं तर उठायचे. हट्ट नाही, भांडण नाही. माझ्याशी जन्मभर भांडलेला माणूस असा गप्प झाला, तशी माझी पाचावर धारण बसली.

अंधांसाठी बुद्धिबळाचा वेगळा पट असतो. प्रत्येक घराला भोक, प्रत्येक मोहऱ्याखाली खुंटी, म्हणजे चाचपडताना काही पडत नाही. काळी घरं जराशी उंच, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक. विकत मिळतो तो. पण माझ्याकडे यंत्र असताना मी बाबांना विकतचा पट देऊ? छे! सागाचे तुकडे घेतले आणि बसले.

मोहरं अंगठ्याएवढं. एक बाजू कोरायची, लाकूड उलटायचं, दुसरी कोरायची. उलटताना जरा सरकलं की घोड्याला दोन नाकं. पहिला घोडा तसाच झाला. दुसऱ्याच्या वेळी मी घाईत कागदबिगद न लावता नजरेनेच शून्य धरलं. पातं खस्सकन आत घुसलं आणि कट्टकन मोडलं.

"तुम्ही मध्येमध्ये बोलता ना, म्हणून!" मी चाचांवर ओरडले. ते बिचारे अवाक्षर बोलले नव्हते. त्यांनी भुशातून मोडकं टोक शोधून काढलं, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून डबीत टाकलं. मग कॅलेंडरची पट्टी फाडून माझ्यापुढे धरली. "घे. आता कागदाला इचार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांनी सगळी मोहरी झाली. घोड्याच्या आयाळीचा केस न् केस दिसत होता, वजिराच्या मुकुटावर वेलबुट्टी होती. मी फुशारकीने त्यांच्या तळहातावर एक मोहरं ठेवलं. त्यांनी डोळे मिटले, बोटं फिरवली.

"उंट?"

तो वजीर होता. दुसरं दिलं.

"हे प्यादं असंल."

तो उंट होता. त्यांनी डोळे उघडले. "नक्षी लय भारी हाय. पन डोळ्याला कशाला दाखवतेस गं? बोटाला दाखव."

मी तणतणत घरी गेले. तीन आठवडे फुकट! स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून डोळे मिटले आणि एकेक मोहरं चाचपलं. मलाही ओळखता येईना. माझी मीच कोरलेली मोहरी! सकाळी जाऊन चित्रातली सगळी नक्षी पुसली आणि पुन्हा कोरायला घेतलं. उंटाच्या डोक्याला एक खाच, वजिराला तीन टोकं, हत्तीचं डोकं सपाट, घोड्याला नुसते दोन कान. चाचांनी डोळ्यांवर रुमाल बांधून बत्तीसच्या बत्तीस ओळखली.

खुंट्या मी भोकांत अगदी घट्ट बसवल्या होत्या. त्यावर ते म्हणाले, "भोकं केसभर मोठी कर. आत्ता मे हाय. आपल्याकडचा जुलै हाय ना, लाकडाला पानी पाजतो." साग कुठे फुगतो म्हणून मी वाद घातला. आणि मग निमूटपणे भोकं मोठी केली.

पट घेऊन आम्ही दोघं दहिवलीला आलो. बाबांनी तो हातांनी पाहिला, घोड्याचे कान चाचपले आणि बाजूला सारला. "डोळस माणसाबरोबर काय खेळू? दया येऊन मुद्दाम हरशील." कित्येक महिन्यांत एवढं लांब वाक्य ते बोलले नव्हते.

"माझ्याशी खेळा मास्तर," चाचा म्हणाले. "मला येतच नाय. आनि मी बी डोळं मिटतो."

"मिटलेत कशावरून?"

चाचांनी बाबांचा हात धरला आणि त्यांची बोटं आपल्या मिटल्या पापण्यांवर ठेवली. "बगा."

बाबा हसले. मग दोघांचे हात पटावर एकमेकांवर आपटत राहिले. चाचांनी आपलाच वजीर मारला. बाबा मास्तरांच्या जुन्या आवाजात ओरडले, "अहो, तो तुमचाच आहे!" मी आत जाऊन रडले. आनंदाने रडले, लपवायचं काय त्यात.

त्यानंतर दर शुक्रवारी नमाज झाला की चाचा स्कूटरवरून दहिवलीला यायचे. दीड वर्ष आले, दर वेळी हरले, आणि एकदाही डोळे उघडले नाहीत. मी दारातून पाहायची ना! दर डावाआधी बाबांची बोटं मात्र स्वतःच आपल्या पापण्यांवर टेकवायचे.

गेल्या थंडीत ते गेले. दोन दिवसांचं दुखणं झालं फक्त. शेडमध्ये त्यांचं कॅलेंडर अजून आहे. मी रोज त्याची पट्टी फाडते, आणि घोडा कोरताना पातं मोडलं त्या दिवसापासून एकही पातं मोडलेलं नाही. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले. तो समोर असताना मी वादच घालत बसले.

परवा शुक्रवार होता. बाहेर पाऊस कोसळत होता. चाचा गेल्यापासून माळ्यावर पडलेला पट बाबांनी स्वतःहून मागितला. "तू बस," म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बसले, डोळे मिटले, त्यांचा हात धरून बोटं पापण्यांवर ठेवली. बोटांना ओल लागली असणार. बाबांनी चाचपडत एक प्यादं उचललं आणि पुढच्या भोकात बसवलं.

भर जुलै आहे. खुंटी अडली नाही.